डबल बेल : संध्याकाळी कोणी बोलू नये असं वाटतं तेव्हा

मागच्या अंकात मी मुक्कामी गाडीवर लिहिलं होतं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी ३१ वर्षं एसटीत कंडक्टर होतो, आणि स्वभावानं अबोल. दिवसाला चार-पाचशे माणसांशी बोलायचं, सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालायची, म्हातारीचं टोपलं वर घ्यायचं, शाळेच्या पोरांना "मागं सरका" म्हणून ओरडायचं. रात्री घरी आलो की साधं "हो" म्हणायचंसुद्धा जिवावर यायचं. म्हणून बाकीचे ज्या ड्युटीला नाक मुरडत, ती मुक्कामी ड्युटी मी मागून घ्यायचो. कारंजा घाडगेच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. साडेसातला गाडी पोचायची, शेवटचा माणूस उतरायचा, ड्रायव्हर ओळखीच्या घरी जेवायला जायचा. मी आतला दिवा लावून तिकिटांच्या हिशेबाचं वेबिल भरायचो, नोटा एका तोंडाच्या करायचो, चिल्लर मोजायचो. मग हापशीवर हातपाय धुऊन गाडीच्या पायरीवर बसून डबा खायचो. तासभर कोणाची हाक नाही. दुसऱ्या दिवशीची साडेपाचची गाडी डिझेलवर निघायचीच, पण मी मात्र त्या एका तासावर निघायचो.

एवढं वाचून तेरा पत्रं आली. मला वाटत होतं, असला विचित्र माणूस जिल्ह्यात मी एकटाच.

त्यातली चार इथं घेतो. मी मनाचा डॉक्टर नाही. माझी पुतणी नर्स आहे, औषधपाण्याचं आणि शरीराचं जे काही खाली लिहिलं आहे ते तिच्याकडून तपासून घेतलं आहे. बाकीचं माझं.

पत्र पहिलं

"मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. दिवसभर मुलं, ऑनलाइन माहिती भरणं, पालकांचे फोन. घरी आई-बाबा, मोठा भाऊ, वहिनी, आम्ही दोघं आणि तीन मुलं. मी येतो तेव्हा छपरीत भावाची बैठक भरलेली असते. पाच-सहा जण, टीव्ही चालू, आणि 'या गुरुजी, तुमचं काय म्हणणं?' म्हणून मला मधात ओढतात. दिवाळीपासून मी येताना नाल्याच्या पुलावर मोटारसायकल लावून वीस मिनिटं नुसता बसतो. पाण्याकडं पाहतो. बरं वाटतं. पण गावातल्या कोणी तरी पाहिलं आणि घरी सांगितलं. आता बायको रडते, आई माझ्या खिशातले कागद पाहते, भावानं तर सरळ विचारलं, 'कर्ज किती झालं?' मला काहीही झालेलं नाही. फक्त वीस मिनिटं पाहिजेत. मी चुकतो आहे का?"
— एक शिक्षक, यवतमाळ जिल्हा

गुरुजी, वीस मिनिटं मागण्यात तुमचं काही चुकलं नाही. पूल चुकला.

आपल्या भागात दिवस बुडताना पुलावर किंवा वावराच्या धुऱ्यावर माणूस एकटा बसलेला दिसला, की पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पुण्या-मुंबईत लोक म्हणतील, हवा खात बसला आहे. तुमच्या यवतमाळात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत किती घरांवर काय गुदरलं हे मी तुम्हाला काय सांगावं? तुमच्या वर्गातही अशा घरातली मुलं असतील. तुमची आई खिसे तपासते त्यात संशय नाही, धास्ती आहे. आणि भावानं जे विचारलं ते मला तर आवडलं. पुष्कळ घरांत तो प्रश्न वेळेवर कोणी विचारत नाही.

तेव्हा पहिलं काम हे, की आज रात्रीच जेवणं झाल्यावर आई, भाऊ आणि बायको तिघांनाही बसवून सांगा. "कर्ज नाही, भांडण नाही, दुखणं नाही. दिवसभर चाळीस पोरांशी बोलून माझं डोकं भरून येतं, रिकामं व्हायला थोडा वेळ लागतो." एवढंच. लांबण लावू नका.

हे मी शहाणपणानं सांगत नाही, भोगून सांगतो. मी घरी आलो की बूट काढून सरळ कोठ्यात जायचो आणि गाईपाशी बसायचो. बायको यायची. "काहून जी, काही झालं का?" मी म्हणायचो, "काही नाही." हे 'काही नाही' मी नऊ वर्षं म्हटलं. एकदा भलत्याच गोष्टीवरून, बहुतेक तिच्या भावाच्या लग्नातल्या आहेरावरून, आमचं वाजलं आणि तेव्हा तिच्या तोंडून निघालं, की मी रोज तिच्यावर रागावूनच घरी येतो असं ती धरून चालली होती. नऊ वर्षं! मी म्हटलं, "अगं, तुझ्यावर कायचा राग? दिवसभर बोलून बोलून तोंडाची डबल बेल वाजून जाते." ती म्हणाली, "मंग सांगाचं ना तसं. मले वाटे मीच नकोशी झाली." आणि हसली. मला हसू आलं नाही. नऊ वर्षं मोजत होतो.

त्यानंतर आम्ही एक खूण ठरवली. मी आलो की कॅशची रिकामी बॅग खुंटीला अडकवायचो. बॅग खुंटीला म्हणजे गाडी डेपोत गेली, आता प्रवासी घेणार नाही. कोठ्यातलं काम आटोपून मी हातपाय धुवून आलो आणि स्वतः पाट ओढून चुलीपाशी बसलो, की गाडी पुन्हा फलाटावर लागली. मग तिनं दिवसभराचं सगळं सांगायचं आणि मी ऐकायचं. हो, खरंच ऐकायचं. तिची गोष्ट संपेपर्यंत डबल बेल मारायची नाही.

सेवाग्राम तुमच्यापासून काही लांब नाही. १९३६ साली गांधीजी तिथं राहायला आले. त्यांचा सोमवार मौनाचा असायचा. कोणी भेटायला आलंच, काही सांगायचंच असलं, तर चिठ्ठीवर लिहून देत. आलेला माणूस तोंड पाडून परत गेला नाही, कारण सोमवारचं मौन सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. तुमची वीस मिनिटंही घरात सगळ्यांना ठाऊक असू द्या.

घरच्यांचं झालं. आता गावाचं. गावाला असं सांगून चालत नाही. गावात तुम्ही "मला एकटं बसायचं आहे" म्हटलंत, तर सोबतीला चार जण येतील. तिथं काम हाती घ्यावं लागतं. रिकामा दिसलात की कोणीही शेजारी येऊन टेकतं. पण कडबा कापत असलात तर कोणी जवळ येत नाही, कारण आला तर त्यालाही विळा धरावा लागतो. मी गाईपाशी बसायचो असं वर लिहिलं, ते अर्धं खरं. मी शेण भरायचो, गव्हाणीत कुटार टाकायचो, मग बसायचो. गाईच्या रवंथ करण्याचा एक ठेका असतो. तो कानावर पडत राहिला की माझा श्वास आपोआप त्याच्या मागं जायचा.

तेव्हा घरात जे काम कोणालाच नको आहे ते शोधा. घरामागच्या सांदवाडीतल्या झाडांना पाणी, माठ-रांजण धुऊन भरणं, दूध आणायला पायी जाणं, काहीही. "हे माझ्याकडं" म्हणा. वहिनी तर दुवा देतील. शाळेतून आलात की छपरीतून आत जाऊ नका, सांदवाडीच्या दारानं जा. कपडे बदला, पायांवर गरम पाणी घ्या, मोबाईल खुंटीवरच्या सदऱ्यात राहू द्या आणि अर्धा तास ते काम करा. घाई करू नका, झाडाला पाणी बादलीनं एकदम ओतायचं नाही, तांब्यानं घालायचं.

चहाचं मात्र सांभाळा. कंडक्टर लोकांना चहा म्हणजे रक्तच, म्हणून हे लिहिताना मलाच जड जातं आहे. चहातलं कॅफिन अर्धं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, कोणाला कमी, कोणाला जास्त. सातला घेतलेला कडक चहा बारालाही अंगात अर्धा शिल्लक असतो. अंग थकलेलं आणि डोकं टक्क जागं, असं होतं ते यामुळेही. शेवटचा चहा शाळेतल्या मधल्या सुटीत उरकलेला बरा.

आणि भावाची बैठक. ती पूर्ण टाळू नका, नाहीतर 'गुरुजीला शिंगं आली' होईल. आठवड्यातून दोनदा जाऊन बसा, आणि तुमचं म्हणणं विचारायच्या आत तुम्हीच विचारा, "आज कापसाला काय भाव निघाला?" पुढची वीस मिनिटं तुम्हाला तोंड उघडावं लागणार नाही.

एक गोष्ट पुतणीनं आवर्जून लिहायला सांगितली आहे, आणि ती तुमच्यासाठी नसली तरी हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणासाठी असेल. एकटं बसून उठल्यावर हलकं वाटत असेल तर तो स्वभाव. पण एकटं बसूनही जडच वाटतं, जेवण गोड लागत नाही, झोप तुटते, आवडीच्या गोष्टीत जीव रमत नाही, आणि असे दोन आठवडे निघून गेले, तर तो स्वभाव नव्हे. तिथं कोठा आणि गाय कामाची नाही. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस नंबर आहे, २०२२ साली सुरू झाला, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं वाटण्याचा विचार मनात आला असेल तर दोन आठवडे काय, दोन तासही थांबू नका. घरच्या माणसाला उठवा आणि फोन लावा.

पत्र दुसरं

"मी आशा सेविका आहे. गरोदर बाया, लसीकरण, बाळांची वजनं, सर्वेचे कागद, दिवसभर घरोघरी फिरते. मुळात मी कमी बोलणारी, पण हे कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. संध्याकाळी घरी आलं की चूल, पोरांचा अभ्यास आणि सासूबाईंपाशी बसायला येणाऱ्या बाया. त्या मलाच विचारतात, अमकीचं दिवस भरले का, तमकीला कोणता महिना. रात्री दोनलाही फोन येतो. पुस्तकांत लिहितात, संध्याकाळी सुगंधी मेणबत्ती लावा, आवडतं वाचत पडा. मले हसू येते. माझ्यासारखीनं काय करावं?"
— एक वाचक, अमरावती जिल्हा

ताई, मलाही हसू आलं, आणि थोडी लाजही वाटली. वरच्या गुरुजींना मी ऐटीत गाईच्या रवंथाचं सांगितलं, पण मी कोठ्यात बसलो होतो तेव्हा घरात भाकरी कोण थापत होतं? बाई माणसाच्या संध्याकाळीतून वीस मिनिटं काढणं म्हणजे भरल्या गाडीत खिडकीची जागा शोधणं. तरी माझ्या बायकोनं ती शोधली होती, आणि मला ते तिनं साठीत सांगितलं.

तिची युक्ती ठेच्याची. घरात माणसं फार झाली, डोकं भणभणलं, की ती हिरव्या मिरच्या तव्यावर टाकायची. मूठभर नाही, चांगल्या दोन मुठी. दोन मिनिटांत सासूबाई, शेजारीण, पोरं, सगळे खोकत खोकत अंगणात. ती तोंडाला पदर लावून चुलीपाशी एकटी. वर पुन्हा खलबत्त्यात कुटायला दहा मिनिटं, आणि त्या आवाजात कोणाचं बोलणं ऐकू येत नाही. आमच्या घरी आठवड्यातून चारदा ठेचा का होतो, हे मला तीस वर्षं कळलं नव्हतं. मला वाटायचं, मला आवडतो म्हणून.

पण ठेच्यानं सगळं भागणार नाही. तुमच्या पत्रात नवऱ्याचा एका शब्दानंही उल्लेख नाही, हे मी पाहिलं. भात मांडायला पदवी लागत नाही. तांदूळ धुवायचे, बोटाच्या दोन पेरांइतकं पाणी ठेवायचं, गंजावर झाकण ठेवायचं. मी निवृत्तीनंतर शिकलो, तो आधी शिकू शकतो. पोरगा बारा-तेरा वर्षांचा असेल तर तोही. चार दिवस भात गचका होईल. होऊ द्या. सराटा हातातून काढून घेऊ नका, नाहीतर पाचव्या दिवशी तो तुमच्याकडंच परत येईल.

फोनचं पुतणीनं असं सुचवलं. तुमचा फोन बंद ठेवता येणार नाही, ते खरं. पण या महिन्यात ज्यांचे दिवस भरत आले आहेत त्या चार-पाच घरांना वेगळी रिंगटोन लावा. सात ते साडेसात फक्त ती वाजली तर उचलायचा, बाकीचं नंतर. आणि त्या घरांत भिंतीवर खडूनं मोठ्या आकड्यांत रुग्णवाहिकेचे १०२ आणि १०८ हे नंबर लिहून या. पहिला फोन गाडीला, दुसरा तुम्हाला. फोन कमी होणार नाहीत कदाचित, पण गाडी बोलावण्याची धावपळ तुमच्या एकटीच्या माथ्यावर राहणार नाही.

सासूबाईंकडच्या बायांना एकच उत्तर पाठ करून ठेवा, "ते मला सांगता येत नाही, मावशी, आमचा नियमच तसा आहे." कोणाच्या पोटातल्या बाळाची चर्चा चारचौघींत न करणं हे तुमचं कामच आहे. त्यात तुमचं बोलणंही वाचतं.

आणि अमरावती जिल्ह्यातल्या बाईला मी हे सांगावं म्हणजे मामाच्या घरच्या गोष्टी आईला सांगण्यासारखं आहे, तरी सांगतो. गावात गुरुदेव सेवा मंडळाची संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना होत असेल तर जाऊन बसा. तुकडोजी महाराजांनी (१९०९ ते १९६८) मोझरीला गुरुकुंज उभारलं आणि गावोगाव ही प्रार्थना रुजवली. मी काही फार भाविक नाही, बायको तर मला नास्तिकच म्हणते. पण मी जातो. तिथं वीस माणसांत बसूनही कोणाला उत्तर द्यावं लागत नाही. सगळे एका सुरात म्हणतात, खंजिरी वाजत असते, आपला आवाज त्यात मिसळून जातो. माणसं तर असतात, पण बोलणं नसतं. आपल्यासारख्यांना माणसांचा कंटाळा नसतो हो, सारखं उत्तर देण्याचा असतो. हिवाळ्यात शेकोटीभोवती बसावंसं वाटतं ते यामुळेच. सगळे विस्तवाकडं पाहतात, एकमेकांकडं नाही.

शिवाय प्रार्थनेला गेलेल्या सुनेला "कुठं गेली होतीस?" असं आपल्या गावात कोणी विचारत नाही. या सवलतीचा फायदा घ्या.

पत्र तिसरं

"मी कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर आहे. सध्या हंगाम आहे, गाड्यांची रांग, शेतकऱ्यांची बाचाबाची, मशीनचा आवाज. रात्री आठला सुटतो. खोलीत आम्ही तिघं राहतो. दोघं गप्पिष्ट. मी भिंतीकडं तोंड करून मोबाईल पाहतो, तेवढाच माझा एकांत. पण दीड-दोन वाजतात आणि सकाळी डोकं जड. दुसरं म्हणजे खर्रा. संध्याकाळी खर्रा तोंडात गेल्याशिवाय शांत वाटत नाही. दिवसाला पाच-सहा होतात. याला पर्याय सांगा."
— २४ वर्षांचा वाचक, हिंगणघाट

भाऊ, खऱ्र्याचं आधी.

तंबाखू-सुपारी घोटून केलेला तो खर्रा मी चौदा वर्षं खाल्ला. पानठेल्यावर उभं राहून, पन्नीत घोटत घोटत, दोन फेऱ्यांच्या मधात. मलाही वाटायचं की डोकं शांत होतं. पुतणीनं समजावलं तेव्हा डोळे उघडले. तंबाखूतलं निकोटिन उलट छातीचे ठोके वाढवतं. शांत वाटतं ते एवढ्यासाठी, की मागच्या खऱ्र्याचा अंमल उतरल्यावर जी तगमग सुरू झाली होती ती पुढच्या खऱ्र्यानं थांबते. म्हणजे आग लावणारा आणि विझवायला येणारा एकच. तंबाखू आणि सुपारी दोन्हींनी कॅन्सर होतो, आणि सुपारीनं तोंडाच्या आतली कातडी आखडत जाते. माझ्यासोबतच्या एका ड्रायव्हरचं तोंड शेवटी दोन बोटंही उघडत नव्हतं. तो भाकर कुस्करून पाण्यातून प्यायचा. यापुढं मी लिहीत नाही. सोडायला मदत लागली तर १८००-११२-३५६ हा सरकारचा फुकट नंबर आहे.

हाताला मात्र चाळा लागतो, तो नाकारू नका. मला तोंडापेक्षा घोटण्याचीच सवय जास्त होती. मी खिशात फुटाणे ठेवायचो आणि एकेकाचं साल चोळून काढायचो. एक फुटाणा, एक साल. हसतील लोक. हसू द्या.

आता मोबाईल. तुम्ही म्हणता तो तुमचा एकांत. मला तो भरलेली गाडी वाटतो. त्यात माणसंच असतात ना? बोलणारी, भांडणारी, नाचणारी, दर अर्ध्या मिनिटाला नवीन. काट्यावर दिवसभर शंभर जणांना तोंड दिलं आणि रात्री अंथरुणात आणखी पाचशे जणांना आत घेतलं. वर डोळ्यांपुढचा उजेड झोपेला लांब ढकलतो. मोबाईल खोलीबाहेर, नाहीतर निदान हात पुरणार नाही इतक्या दूर चार्जिंगला लावा. गजराचं साधं घड्याळ घ्या.

जिनिंगमधून खोलीवर पायी जाता येत असेल तर गाडीवर बसू नका. वणा नदीच्या काठानं थोडा वळसा पडला तरी चालेल. चालताना श्वास मोजा. आत घेताना चार, सोडताना सहा. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. सोडलेला श्वास लांबला की काळजाचे ठोके हळू होतात, हे डॉक्टर लोकही मानतात. मी विजेच्या खांबांवर मोजायचो, दोन खांबांत एक श्वास. दहा मिनिटं पुष्कळ झाली.

खोलीवर पोचलात की कानातली-केसांतली रुई धुऊन टाका, गरम पाण्यानं आंघोळ करा. झोपण्याच्या तासभर आधी केली तर आणखी चांगलं. गरम पाण्यानं हातापायांकडं रक्त येतं, अंगातली उष्णता बाहेर पडते, आणि अंग आतून निवायला लागलं की झोप येते. विचित्र वाटतं, पण तसंच आहे. दोघा गप्पिष्टांना सांगा, दहाला दिवा बंद. ते ऐकणार नाहीत. मग तुम्ही पांघरूण घेऊन गच्चीवर जा. चार दिवसांनी त्यातला एक तुमच्या शेजारी येऊन झोपेल, पैज लावतो. गप्पिष्ट माणसंही थकलेली असतात, फक्त त्यांना थांबता येत नाही.

पत्र चौथं

"माझी मुलगी २३ वर्षांची आहे. तालुक्याला कॉम्प्युटर सेंटरवर काम करते. संध्याकाळी आली की खोलीत जाऊन दार लोटून घेते. तासाभरानं बाहेर येते, मग नीट जेवते-बोलते. पाहुणे आले तरी त्या तासात येत नाही. शेजारीण म्हणते, हिला कोणाला तरी दाखवा, अशी एकलकोंडी पोरगी सासरी कशी नांदेल? मला झोप लागत नाही."
— एक आई, भंडारा जिल्हा

बाई, तुमचं उत्तर तुमच्याच पत्रातल्या तिसऱ्या-चौथ्या ओळीत आहे. तासाभरानं येते, नीट जेवते, नीट बोलते. दाखवायचं काय?

कार्ल युंग नावाच्या स्विस डॉक्टरनं १९२१ साली अंतर्मुख आणि बहिर्मुख अशा दोन वळणांबद्दल सविस्तर लिहिलं, तेव्हापासून जगभर हे शब्द चालू झाले. त्यानं यातल्या कोणालाही आजारी म्हटलं नाही. पुढं १९६० च्या दशकात लंडनच्या मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांनी माणसांच्या जिभेवर लिंबाच्या रसाचे चार थेंब टाकून किती लाळ सुटते ते मोजलं. अंतर्मुख माणसांना सरासरीनं जास्त सुटली. आयझेंक यांचं म्हणणं असं, की अशा माणसांचा मेंदू आधीच जास्त जागा असतो, थोड्याशानंही भरून जातो. तुमची मुलगी दिवसभर सेंटरवर 'मॅडम, माझा फॉर्म' ऐकून येते. भांडं काठोकाठ भरलेलं असतं.

पाहुणे आले तर तिला "बाहेर ये, बस" म्हणू नका, "चहा मांडतेस का?" म्हणा. ती ट्रे घेऊन येईल, नमस्कार करेल, कपबश्या घेऊन परत जाईल. पाहुण्यांना दिसली, तिलाही सुटका मिळाली. सासरचं म्हणाल, तर बोलणी होतील तेव्हा मुलाला हे एकदा सरळ सांगा, लपवू नका. आमची नऊ वर्षं वर वाचलीत ना?

आणि शेजारणीला ठेचा खायला बोलवा, पण मिरच्या तव्यावर असताना.

लिंबाची परीक्षा घरी घेऊ नका, त्यातून काही कळायचं नाही. त्यापेक्षा त्या लिंबाचं सरबत करा, दाराबाहेर स्टुलावर ठेवा, कडी एकदा वाजवा आणि हाक न मारता परत या.